धुराचा सिनेमा

बायकोच्या बदलीमागं नवरा गेला की लोकांना त्याचं काय करावं ते कळत नाही. माझी बायको एका सरकारी बँकेत अधिकारी. तिची कोलकात्याला शाखाप्रमुख म्हणून बदली झाली, आणि पुण्यातल्या मोटारीच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून मी तिच्यामागं गेलो. तिकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी विचारलं, तुमची बदली कुठल्या खात्यातून? मी म्हटलं, माझी नाही, हिची. ते "अरे वा" म्हणाले आणि पाणी प्यायला उठून गेले. ते पाणी पिऊन परत काही आले नाहीत.

या बदलीवाल्या लोकांची एक रीत असते. मी ती आधी बघितली नव्हती, तिथं जाऊन बघितली आणि नंतर तिच्यातच राहिलो. भिंतीला खिळा मारायचा नाही. गळका नळ बदलायचा नाही, खाली बादली ठेवायची. ओल आली तर कपाट सरकवून झाकायची. आपल्याला काय, इथं थोडंच राहायचंय! प्रत्येक घरात हे वाक्य मी ऐकलं, अगदी हसत हसत, चहा देता देता. आधीचा जसा सोडून गेला तसंच आपणही पुढच्याच्या गळ्यात मारून निघायचं. ऑफिसातसुद्धा तसंच. माझी बायको हुशार आहे, कामाला वाघ आहे, पण तीही या रीतीतच वाढलेली. तिचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. शाळा बदलत बदलतच ती मोठी झाली.

सहा-आठ महिने घरात बसून मला वेड लागायची पाळी आली. मग सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये एका लहान कंपनीत कंत्राटावर काम मिळालं. कंपनी सिम्युलेशनची कामं करायची. म्हणजे भट्टीत उष्णता कशी पसरेल, पाइपातून पाणी कसं वाहील, हे कॉम्प्युटरवर गणितानं काढायचं. गणित करणारे इंजिनियर वेगळे. त्यांच्या गणितातून आकड्यांच्या फायलींचा डोंगर निघतो, आणि तो डोंगर बघून कुणालाच काही कळत नाही. माझं काम त्या आकड्यांची चित्रं करायची आणि चित्रांची हलती फिल्म. पुण्याच्या कारखान्यात मी हेच करायचो, मोटार भिंतीवर आपटली की पत्रा कसा चुरगळतो ते दाखवायचो. ऑफिसात सगळे माझ्या फिल्मला सिनेमा म्हणायचे. दादा, सिनेमा झाला का? वयानं मी सगळ्यांत मोठा, त्यामुळं मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांचा दादाच.

हे काम बाहेरून वाटतं तेवढं गमतीचं नाही. एक चित्र हवं असेल तर सॉफ्टवेअरची खिडकी उघडायची, माउसनं कॅमेरा फिरवायचा, रंग लावायचे, झालं. पण सिनेमाला शेकडो चित्रं लागतात. ती हातानं कोण करणार? म्हणून स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे सूचनांची एक फाइल, आणि ती सर्व्हरवर सोडून द्यायची. तो एकामागून एक चित्रं काढत बसतो. याला आमच्यात बॅचला लावणं म्हणत. आता सर्व्हरला पडदा नसतो. त्यामुळं खिडकीत जे दिसतं ते बॅचमध्ये तसंच येईल याची खात्री कुणी देत नाही. खिडकीत सुंदर चित्र, आणि बॅचमधून सगळी फ्रेम काळी ठिक्कर. का, तर सर्व्हरला पडद्याशिवाय चित्र काढायला वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं, की काळं जाऊन चित्र येतं, पण कॅमेरा भलतीकडंच बघत असतो. कॅमेरा ताळ्यावर आणला, की अक्षरं मुंगीएवढी. एक भोक बुजवावं तर दुसरं उघडं. माझ्या डोक्याचे उरलेसुरले केस तिथंच गेले.

त्यात आमच्या मॅनेजरचा साचा. मॅनेजर माझ्यापेक्षा बराच लहान, बोलायला गोड, शर्टाला कायम इस्त्री. त्यानं पूर्वी कधी तरी एका सिमेंटच्या भट्टीच्या कामासाठी एक स्क्रिप्ट लिहिली होती, आणि तीच सगळ्या कामांना वापरायची असा त्याचा दंडक होता. वेळ वाचतो म्हणे. त्यात कुणी हात घातलेला त्याला खपायचा नाही. तुम्ही फक्त फायलींचं नाव बदला दादा, बाकी सगळं तपासलेलं आहे. मी नाव बदलायचो. कंत्राटी माणूस, आणखी काय करणार?

हिची शाखा कोलकात्याच्या डलहौसी भागात, जुन्या कचेऱ्यांच्या बाजूला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. खाली एका व्यापाऱ्याचं गोदाम, प्लास्टिकच्या बादल्या, खुर्च्या आणि फोमच्या गाद्यांनी खच्चून भरलेलं. इमारतीला दोन जिने. पुढचा रुंद, लाकडी कठड्याचा. मागचा अरुंद, लोखंडी, गल्लीत उतरणारा. भाडेकराराची मुदत संपत आली होती आणि मालकानं अट घातली, की मागचा जिना बंद करून ती जागा गोदामाला द्यायची, तरच करार पुढं चालू. बँकेच्या विभागीय कार्यालयानं म्हटलं, एका जिन्यावर भागेल का, यावर आधी तांत्रिक मत आणा. आता असलं मत कोण देतं? हिनं जेवताना मला विचारलं, तुमच्याकडं करतात का रे असलं काही? मी म्हटलं, करतात. असं ते काम आमच्या कंपनीकडं आलं. नवराबायको, हितसंबंध वगैरे शब्द तेव्हा कुणाला आठवले नाहीत. मला तर उलट आनंदच झाला, की चला, या गावात आपला काहीतरी उपयोग झाला.

जिन्यांची मापं आणि फोटो घ्यायला मीच गेलो. शाखेतल्या हेड कॅशियर बाई माझ्याबरोबर आल्या. सगळे त्यांना दिदी म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, ठसठशीत कुंकू, हसरा चेहरा, आणि गुडघा कामातून गेलेला. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरायच्या. शेजारच्या बाजाराला काही वर्षांपूर्वी आग लागली होती, तो धूर त्यांनी खिडकीतून बघितला होता. तेव्हापासून त्यांनी आपलं टेबल मागच्या जिन्याच्या दाराजवळ घेतलं होतं आणि कोण हसलं तरी हलवलं नव्हतं. जिना बंद करायला शाखेत फक्त त्यांचाच विरोध होता. पण त्या जुन्या, युनियनमध्ये वजन असलेल्या, म्हणून त्यांचं न ऐकता पुढं जाणं हिला जड जात होतं. खाली गल्लीत पोचल्यावर दम खात त्या मला अर्ध्या हिंदीत, अर्ध्या बांगलात म्हणाल्या, "नीट बघा हं दादा. बाकीचे पळतील. मला पळता येत नाही."

मी म्हटलं, बघतो. आणि खरंच बघणार होतो.

गणित करणाऱ्या इंजिनियरनं आपलं काम चोख केलं. गोदामात आग लागली, मागचा जिना बंद आहे, धूर पुढच्या जिन्यानं वर चढतोय, असं ते गणित. त्यानं फायली दिल्या. मी खिडकीत धुराला करडा रंग दिला, जिना काचेसारखा आरपार केला, दुसऱ्या मजल्यावरून उतरणारी माणसं ठिपक्यांनी दाखवली, आणि मॅनेजरच्या साच्यात नाव बदलून बॅचला लावलं. आधी नेहमीचा काळोख आला, मग धूरच दिसेना, पांढऱ्यावर पांढरा. दोन दिवस त्यात नाकीनऊ आले. शेवटी सिनेमा नीट दिसला. धूर हळूहळू, अगदी आळसावल्यासारखा जिना चढत होता. सिनेमा अर्ध्याच्या पुढं गेला तरी तो दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला नव्हता, आणि तोवर ठिपके टुकूटुकू उतरून पुढच्या रस्त्यावर गेलेसुद्धा. मॅनेजर खूष झाला. माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्याच दुपारी, मला न विचारता, सिनेमा विभागीय कार्यालयाला बघायला पाठवून दिला.

मला मात्र काहीतरी खुपत होतं. मोटारीच्या कारखान्यात काही वर्षं घालवली की एक सवय लागते, कोपऱ्यात घड्याळ हवं. चित्रात चाललेली वेळ दिसली पाहिजे. मॅनेजरच्या साच्यात घड्याळ नव्हतं. सर्व्हरवर अक्षरं वेडीवाकडी यायची म्हणून त्यानं ते कधीच काढून टाकलं होतं. मी ते परत घातलं, अक्षरांशी मारामारी केली आणि सिनेमा पुन्हा काढला. बघतो तर काय, घड्याळ आधी मुंगीच्या पावलानं चाललेलं, आणि शेवटी शेवटी उड्या मारत पळतंय!

भानगड साधी होती. धूर सुरुवातीला भराभर पसरतो, म्हणून गणित करणाऱ्यानं सुरुवातीच्या क्षणाक्षणाची फाइल साठवली होती. पुढं जिना धुरानं भरला की फारसं काही बदलत नाही, म्हणून पुढच्या फायली लांबलांब अंतरानं. यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं, कुणीही असंच करतो. पण साचा काय करत होता, तर एक फाइल, एक चित्र. सिमेंटच्या भट्टीच्या फायली सारख्या अंतरानं होत्या, तिथं हे चाललं. इथं सुरुवातीचे थोडे क्षण ताणून अर्धा सिनेमा झाले होते. माणसांचे ठिपके मात्र खऱ्या वेळेनुसार चालत नव्हते. साचा हलत्या ठिपक्याला दर चित्रागणिक एक ठरावीक पाऊल पुढं सरकवायचा. म्हणून धूर आळशी आणि माणसं चपळ.

मी स्क्रिप्टला फायली मोजायचं सोडून घड्याळाप्रमाणं चालायला लावलं. दोन फायलींच्या मध्ये वेळ असेल तर मधलं चित्र अंदाजानं भर, माणसांनाही त्याच घड्याळाला बांध. पुन्हा बॅचला लावलं. या वेळी धूर निघाला आणि चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत जिना भरला. पहिले दोनतीन ठिपके कसेबसे खाली पोचले. बाकीचे वरच्या वळणावर, धुरात. मला एकदम दिदींचा गुडघा आठवला. दुपारची वेळ होती, शेजारी कुणी मुरमुऱ्याची भेळ खात बसलं होतं.

मी तसाच उठून मॅनेजरकडं गेलो. त्यानं सिनेमा बघितला. समजायला त्याला एक मिनिट लागलं नाही, तो काही बिनडोक नव्हता. बघून झाल्यावर त्यानं दार लावलं आणि मला समजावलं. दादा, पहिला सिनेमा चुकीचा नाही, फक्त त्याची गती वेगळी आहे. खरे आकडे अहवालात मागं तक्त्यात आहेतच. आपण कुठं खोटं बोलतोय? सिनेमा फक्त कल्पना यावी म्हणून असतो. मी म्हटलं, अहो, तक्ता कोण वाचतंय? सगळे सिनेमाच बघणार. तो म्हणाला, मग दोन्ही देऊ. दृश्य एक, दृश्य दोन. ज्याला जे हवं ते बघू दे.

मी त्याला म्हटलं, पहिल्यात चूक आहे असं पत्रात लिहा. त्यावर त्याचा चेहरा बदलला. आमच्या साच्यात चूक आहे असं लिहिलं तर सिमेंटवाल्यांपासून सगळे आपापली जुनी कामं परत उघडतील, हे तो बोलला नाही, पण मला ते कळायला काही त्यानं बोलायची गरज नव्हती. एवढंच म्हणाला, की दोन दृश्यांत कालमापनाची पद्धत भिन्न आहे असं लिहू. आणि तसंच लिहिलं. इतकी चोपडी भाषा मी आयुष्यात वाचली नाही. एखादा वैतागून काय करेल? मी जागेवर येऊन साच्याची ती ओळ बघत बसलो, एक फाइल, एक चित्र, आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.

मधल्या काळात पहिला सिनेमा पुढं निघून गेला होता. विभागीय कार्यालयानं तो हिला पाठवला, हिनं तो शाखेत, चहाच्या वेळी, सगळ्या स्टाफला भिंतीवर मोठा करून दाखवला. लोकांना आवडला. दिदींनी दोनदा बघितला म्हणे. दुसऱ्यांदा बघून त्या म्हणाल्या, मग ठीक आहे, मी टेबल हलवते. हे मला हिनंच घरी येऊन सांगितलं, आनंदात. किती दिवसांनी ती अशी हसली होती! सांगताना तिनं स्वतः भजी तळायला घेतली.

मी म्हटलं, भजी राहू दे, आधी हे बघ. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि दोन्ही सिनेमे शेजारीशेजारी लावले. तिला फार समजवावं लागलं नाही. आयुष्यभर कर्जाच्या फायली वाचलेली बाई, कुठं काय दडवलंय ते तिला चटकन दिसतं. दुसरा सिनेमा संपला तरी ती पडद्याकडं बघत होती. मग विचारलं, "पहिल्यात चूक आहे असं तुमच्या कंपनीनं लेखी दिलंय?"

मी म्हटलं, मी सांगतोय ना.

"लेखी?"

नाही, म्हटलं.

"मग माझ्या दृष्टीनं दोन्ही बरोबर आहेत," ती म्हणाली आणि कढई बघायला उठली.

मी चिडलो. खूप बोललो. त्या दिवशी मी काय काय म्हणालो ते सगळं इथं लिहीत नाही, पण तुझ्या बापानं गावोगाव ओल झाकली, तू जिना झाकतेस, असंही एक वाक्य त्यात होतं. तिनं गॅस बंद केला. माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "माझी आई बाथरूममध्ये पडली तेव्हा तिथं कोण होतं?"

हे खरं होतं. तिची आई कोथरूडला एकटी. पडून माकडहाड मोडलं होतं, दिवसभर एक बाई सांभाळायला, रात्री ती बाई मुक्कामाला राहिली तर राहिली. रोज फोनवर एकच प्रश्न, कधी येतेस. हिनं पुण्याला बदली मागितली होती आणि वरून स्पष्ट सांगणं आलं होतं, की आधी जागेचा प्रश्न निकाली काढा, करार अडकलेल्या शाखेतून प्रमुखाला हलवणार नाही. जिना उघडा ठेवायचा तर मालकाशी भांडण, नवी जागा शोधणं, सगळं सामान, सगळे ग्राहक हलवणं. म्हणजे अजून दोन वर्षं गेली. तोवर आई राहील की नाही, कोण जाणे. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी बोललो होतो. आता मागं वळून बघितलं तरी मला वाटतं, मी बोललो ते बरोबरच बोललो. आणि तिचंही खोटं नव्हतं. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, याचाच मला सगळ्यात राग येतो.

तिनं शिफारस लिहिली. अहवाल पाहिला, पहिल्या दृश्यानुसार एक जिना पुरेसा वाटतो. खाली सही. तिची सही सुरेख आहे.

मी गप्प बसलो नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं सांगतो. विभागीय कार्यालयाला मी स्वतःच्या नावानं लिहिलं, दुसरा सिनेमा जोडला, चूक कुठं आहे ते साध्या भाषेत मांडलं. उत्तर आलं, की कृपया आपल्या कंपनीमार्फत संपर्क साधावा. कंपनीनं मला बोलावून घेतलं. मॅनेजर तेवढ्याच गोड आवाजात म्हणाला, दादा, तुम्ही तर आता पुण्याला जाणार, पुढचं कंत्राट कशाला करायचं? माझी खुर्ची त्याच आठवड्यात दुसऱ्याला दिली. फायर ब्रिगेडच्या ऑफिसातही जाऊन आलो. तिथले साहेब सभ्य होते. इमारतीच्या मालकाचा किंवा भाडेकरूचा अर्ज आणा म्हणाले. भाडेकरू म्हणजे बँक, आणि बँक म्हणजे घरी माझी बायको. मी हात टेकले.

महिनाभर आम्ही कामापुरतं बोलत होतो. दूध आणलंस का, गॅसवाला आला होता का. तेवढ्यात तिची ऑर्डर आली. पुणे. तिनं आईला फोन केला आणि रडली. मीही तिच्याजवळ बसलो. दुसरं काय करणार होतो?

निरोपाच्या दिवशी शाखेनं मलाही बोलावलं होतं. कॅश बंद झाल्यावर टेबलं सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. मागच्या जिन्याच्या दारापुढं स्टीलची कपाटं ओळीनं लागली होती, आणि त्यांच्यावर खोक्यांची थप्पी. नवीन माणसाला तिथं कधी दार होतं हे कळलंही नसतं. दिदींचं टेबल आता हॉलच्या मध्यावर, पंख्याखाली होतं. भाषणं झाली. सगळ्यांनी हिचं कौतुक केलं आणि ते मनापासून होतं. हिनं त्या लोकांच्या कर्जांसाठी, बदल्यांसाठी, आजारपणासाठी धावपळ केलेली होती. हिची बांगला माझ्यापेक्षा किती तरी चांगली. हिनं उत्तराचं भाषण बांगलात केलं आणि दोघीतिघी डोळे पुसायला लागल्या.

मग संदेश मिठाईच्या बशा फिरल्या. दिदी हळूहळू चालत माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमचा सिनेमा बघितला आणि माझी भीती गेली. इतकी वर्षं मी उगीच घाबरत होते. किती वेळ असतो हो आपल्याकडं!"

मी बशी खाली ठेवली. शेजारी ही उभी होती. तिनं माझ्याकडं न बघता, हळू आवाजात, मराठीत सांगितलं, आता नको. तिथं आम्हा दोघांशिवाय कुणाला मराठी येत नव्हतं. एरवी मला ही गोष्ट फार आवडायची, गर्दीत आपल्या दोघांचं एक घर असल्याची. त्या दिवशी मला त्या घराचा वीट आला.

"दिदी, तो सिनेमा चुकीचा आहे," मी माझ्या मोडक्या बांगलात म्हटलं. "एवढा वेळ नाही मिळणार. धूर लगेच येतो. ते दार उघडायला लावा."

दिदींचं हसू तसंच राहिलं, पण डोळे कपाटांकडं गेले. मग त्यांनी माझ्या बायकोकडं बघितलं. आजूबाजूचे दोघेतिघे थांबले. आणि बायको हसली. अगदी मोकळं, घरगुती हसली, आणि स्वच्छ बांगलात म्हणाली, की यांना स्वतःचं एकही काम कधी पसंत पडत नाही, लग्न झाल्यापासून बघतेय, केलेली भाजीसुद्धा दोनदा परततात. सगळे हसले. दिदीही हसल्या. सुटल्यासारख्या हसल्या. माझ्या बशीत त्यांनी अजून एक संदेश ठेवला आणि म्हणाल्या, खा दादा, तिकडं पुण्यात असा मिळायचा नाही.

पुढच्या जिन्यानं आम्ही उतरलो. गोदामाचं दार उघडं होतं, आत गाद्या छतापर्यंत. मी बायकोला म्हटलं, माझी चेष्टा करायची तर कर, पण तिला तरी कळू द्यायचं होतंस.

ती जिन्यात थांबली. हातात फुलांचा गुच्छ, शाल, भेटीची पिशवी. थकलेली दिसत होती. "शेवटच्या दिवशी त्या बाईला भीती घालून तू काय मिळवणार होतास?" ती म्हणाली. "आपण जातोय. तिला अजून पाच-सहा वर्षं इथंच बसायचंय."

मी म्हटलं, हो, तिलाच बसायचंय. पण तिनं ते ऐकलं नसावं. पिशवी माझ्या हातात देऊन तिनं फोन कानाला लावला होता, आणि आईला सांगत होती, की सुटले गं बाई एकदाची.